घसरणीची शिकवणी

चिरंजीव नोकरीसाठी दूर गेले आणि आमच्या बदलीच्या बिऱ्हाडात त्यांचे खेळाचे स्टिअरिंग तेवढे उरले. 'असेटो कोर्सा' हा २०१४ सालचा इटालियन खेळ. त्यातील टोयोटाची जुनी एई ८६ आम्ही निवडली. वळणावर हँडब्रेक ओढावा, मागची चाके घसरू लागताच स्टिअरिंग उलट फिरवावे. ॲक्सिलरेटरवरचा पाय मात्र उचलू नये. उचलला की चाके एकदम पकड घेतात आणि गाडी भलतीकडे फेकली जाते. तीस वर्षे सरकारी सावधपणात मुरलेला आमचा पाय नेमका तेव्हाच उचलला जातो!

एरवी 'पैसे पोहोचले' यापलीकडे न बोलणारे चिरंजीव हल्ली रोज फोनवर विचारतात, "बाबा, आजही पाय उचललात ना?"

काल रात्री एक वळण साधले. गाडी आडवी, डौलाने सरकत गेली. त्यांना आम्ही अद्याप कळविलेले नाही.