शीर तुटलीय का बघा

सोलापुरात सोनोग्राफी म्हटलं की पोटाचीच. त्यामुळे हात गळ्यात बांधून आलेला माणूसही सकाळपासून तीन तांबे पाणी पिऊन, लघवी रोखून बाकावर बसलेला असतो. त्याला आधी मोकळं होऊन यायला सांगतो. मग तो उशीवर हात ठेवतो आणि म्हणतो, “साहेब, शीर तुटलीय का बघा.”

या ‘शीर’ शब्दापाशी मी रोज थबकतो. बोलण्यात रक्ताची नळी ती शीर, बोट ओढणारी कंडरा ती शीर आणि मेंदूचा निरोप नेणारी नस तीही शीरच. मनगटाच्या आतल्या अंगाला ही तिन्ही दाटीनं नांदतात. काचेनं मनगट कापलेला माणूस एका दमात सांगतो, बोट वाकत नाही आणि बधिरही झालंय. त्यातली कोणती शीर गेली हे सांगणं माझं काम. शस्त्रक्रिया त्यावर ठरते.

उमेदवारीच्या पहिल्या वर्षी मी हे चुकलो. कापलेल्या मनगटात एक गोल, उजळ ठिपका दिसला आणि मी ‘मीडियन नस शाबूत’ असं लिहून दिलं. सर्जननं त्या मुलाच्या तर्जनीला टाचणी टोचली. मुलाला काहीच कळलं नाही. माझा कागद बाजूला ठेवून त्यांनी जखम उघडली. नसेची दोन्ही टोकं एकमेकांपासून सरकली होती. मी पाहिली ती शेजारची कंडरा होती. त्या मुलाचा हात सर्जनच्या संशयानं वाचला, माझ्या यंत्रानं नव्हे. तेव्हापासून प्रोब उचलण्याआधी टाचणी आणि कापूस मी स्वतः घेतो. कुठली बोटं बधिर, कुठला सांधा उचलत नाही, एवढं नीट विचारलं तरी निम्मं उत्तर हाती येतं.

उरलेलं निम्मं मुठीत असतं. प्रोब कातडीला काटकोनात धरला की कंडराही उजळ दिसते आणि नसही. मूठ जराशी कलती केली की कंडरा झटकन काळी पडते. नस फारशी बदलत नाही. मग प्रोब हळूहळू कोपराकडे न्यायचा. कंडरा थोड्याच अंतरात मांसात विरून जाते, पण मीडियन नस स्नायूंच्या दोन थरांमधून तशीच चालत राहते. रक्ताची शीर दाबली की मिटते. धमनी दाबाखालीही ठोके देते. आणि निरोगी नस आडव्या छेदात मधाच्या पोळ्यासारखी दिसते, काळे काळे बारीक पुंजके आणि त्यांच्याभोवती उजळ वेष्टणं. पोटासाठी साडेतीन मेगाहर्ट्झचा प्रोब चालतो. इथे पंधराच्या आसपासचा लागतो. कंपनं वाढली की बारीक दिसतं, पण खोल दिसत नाही. हाताच्या बहुतेक नसा उथळ असतात, हे आपलं नशीब.

माझ्या दारावर गर्भलिंग निदान होत नसल्याचा फलक आहे. महाराष्ट्रानं १९८८ साली देशात सर्वांत आधी अशा निदानाविरुद्ध कायदा केला, केंद्राचा १९९४ साली आला. त्या कायद्यामुळे यंत्र नोंदवलेल्या जागीच राहतं. ते खांद्याला अडकवून अक्कलकोट-मंगळवेढ्याला जाता येत नाही. प्लॅस्टरचा हात घेऊन एसटीनं येणाऱ्यांचे हाल होतात, तरी हा नियम मला योग्यच वाटतो.

विडी वळणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. करंगळी बधिर, कात्री हातातून निसटत होती. दिवसभर एकाच बैठकीत काम, म्हणून कोपरात नस दबली असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. मी अल्नर नस कोपरापासून वर दंडाकडे पाहत गेलो. दबलेली नस एका जागी फुगते; ही कोपराच्या वरपर्यंत लांबलचक जाड झाली होती आणि डॉपलरवर तिच्या आत रक्ताचा लाल प्रवाह दिसत होता. निरोगी नसेत तो सहसा दिसत नाही. पाठीवर फिकट चट्टा होता, त्याबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. कुष्ठरोग होता, नसेला सूज आणणाऱ्या अवस्थेतला. २००५ च्या अखेरीस भारतानं कुष्ठरोगाचं सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं, आणि मला वाटतं तेव्हापासून आम्हा डॉक्टरांची बोटं कोपरामागची नस चाचपायला विसरली. औषध वेळेत सुरू झालं तर हात वाचतो. म्हणून त्या दिवशी रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबलो नाही, फोन केला.

यंत्रमागावरच्या एका मामांचं दंडाचं हाड दुचाकीवरून पडून मोडलं, आत पट्टी बसवली, आणि मनगट लोंबू लागलं. रेडियल नस या हाडाला वेढा घालून जाते. ती पट्टीखाली चिमटली की नुसती ताणली गेली? धातूमुळे एमआरआयचं चित्र विस्कटतं. सोनोग्राफीला पट्टीच्या वरचं दिसतं. मी कोपरापुढच्या निरोगी भागात नस धरली आणि एकेक बोट वर सरकलो. दुखावलेल्या जागी नस शोधायला जाऊ नये, तिथे सगळंच सुजून एकसारखं झालेलं असतं.

मामा पडद्याकडे टक लावून होते. “आत बारीक बारीक तार आहेत की,” ते म्हणाले. पुढे पट्टीपाशी नस काळी आणि सुजलेली होती, पुंजके एकमेकांत मिसळलेले. मामांनी श्वास धरला. पण वेष्टण सलग होतं. पट्टीच्या वरून ती पलीकडे गेली आणि पलीकडे पुन्हा पोळं दिसलं.

महायुद्धातले जखमी हात पाहून हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली नसेच्या इजेच्या तीन पायऱ्या मांडल्या: नुसती मुकी झालेली, आतून तुटलेली पण वेष्टण राहिलेली, आणि पूर्ण तुटलेली. पहिल्या दोन्हींत थांबायचं असतं, तिसरीत सांधायचं असतं. मामांची तिसरी नव्हती, एवढं मी खात्रीनं लिहू शकलो. आतले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. दंडापासून कोपराखालच्या स्नायूपर्यंत पोहोचायला महिने लागणार होते.

चौथ्या महिन्यात ते परत आले. मनगट लोंबतच होतं. नसेचा धागा मनगट उचलणाऱ्या स्नायूंपर्यंत पोहोचला नव्हता. मी प्रोब कोपराखाली, अंगठ्याच्या बाजूच्या स्नायूवर ठेवला. हा स्नायू सगळ्यांत आधी जागा होतो. अंगठा वर करून माझ्या तळव्याला दाब द्या, कोपर हलवू नका, असं सांगितलं. बाहेरून काहीच दिसलं नाही. पडद्यावर मात्र त्या स्नायूचा करडा पट्टा किंचित जाड झाला आणि पुन्हा ओसरला.

“परत करा, मामा.”

त्यांनी परत केलं. पट्टा परत जाड झाला.