आळशी वायूचा उजेड

आर्गॉन लेसरची नळी हातात घेतली तर ती फारसे काही सांगत नाही. वीतभर लांबीची, मधोमध धातूच्या चकत्यांनी वेढलेली, दोन्ही टोकांना नखाएवढे आरसे बसविलेली ती एक मुकी वस्तू असते. तिला बोलते करणारा वीजपुरवठ्याचा संच, ज्याला आम्ही कारागीर मंडळी सरळ ‘पॉवर सप्लाय’ म्हणतो, तो सोबत नसेल तर ती निव्वळ भंगार होय. माझ्याकडे आलेली नळी भंगारातूनच आली. रंगीत छपाईच्या फिल्म तयार करणारी स्कॅनर यंत्रे एके काळी मोठ्या छापखान्यांतून असत आणि त्यांच्या पोटात ही निळी-हिरवी शलाका काम करीत असे. पुढे संगणकावरून थेट प्लेट निघू लागली, ती यंत्रे मोडीत गेली, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ही नळी माझ्या दृष्टीस पडली. तिचा सप्लाय कुणीतरी तांब्याच्या मोहाने आधीच फोडून नेला होता.

मी आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर बांधण्याचे काम केले. तेव्हा हा सप्लाय आपणच बांधावा असे मनात येणे स्वाभाविक होते. परंतु त्यामागे आणखी एक कारण होते.

१९८६ साली माझ्या आईच्या डोळ्यांत मधुमेहामुळे रक्तस्राव होऊ लागला. पुण्यातील एका इस्पितळात तिच्या दृष्टिपटलावर आर्गॉन लेसरने शेकडो बारीक डाग देण्यात आले. हा उपचार १९६८ पासून वैद्यकात रुळू लागला होता. हा प्रकाश बुबुळाच्या पारदर्शक भागातून विनासायास आत जातो, मात्र रक्तात व पटलामागील रंगद्रव्यात तो शोषला जातो आणि तेथे भाजल्याचा सूक्ष्म व्रण उमटतो. पटलाच्या कडेचा भाग असा खर्ची घालून मधली दृष्टी राखायची, असा तो हिशेब असतो. “कुणीतरी डोळ्यात हिरव्या काड्या ओढतंय बघ,” असे आई म्हणाली होती. त्यानंतर अकरा वर्षे ती स्वतःच्या डोळ्यांनी प्रार्थनापुस्तक वाचीत राहिली. त्या दिवशी सर्वांचे लक्ष डॉक्टरांच्या हातांकडे होते. माझे लक्ष मात्र कोपऱ्यात घुमणाऱ्या कपाटाएवढ्या पेटीकडे होते. तिला पाण्याच्या नळ्या जोडलेल्या होत्या. एवढ्याशा उजेडासाठी एवढी मोठी पेटी कशाला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसला. आता नेत्ररुग्णालयांत घन स्फटिकांवर चालणारे सुटसुटीत हिरवे लेसर आले आहेत. पेटी गेली, पण प्रश्न राहिला.

आर्गॉन हा आपल्या श्वासातलाच वायू. हवेच्या शंभर भागांत तो जेमतेम एक भाग असतो. १८९४ मध्ये रॅली व रॅमझे या शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून त्याला ग्रीक भाषेतील ‘आर्गोस’ या शब्दावरून नाव मिळाले. आर्गोस म्हणजे काम न करणारा, आळशी. आपल्या वाचकांना हे वाचून कौतुक वाटेल की, मत्तयलिखित शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात, बाजारात रिकामे उभे राहिलेल्या मजुरांसाठी मूळ ग्रीक संहितेत हेच विशेषण आले आहे.

या मजुराला कामावर लावायचे तर मजुरी जबर मोजावी लागते. आधी त्याच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन तोडायचा, मग उरलेल्या आयनाला पुन्हा धक्का देऊन चेतवायचे. त्यासाठी सुमारे एक मिलिमीटर रुंदीच्या पोकळीतून अनेक अँपिअरचा प्रवाह न्यावा लागतो. माझा संच भिंतीतून सुमारे हजार वॅट घेतो आणि प्रकाश देतो तीस मिलिवॅट, म्हणजे तेहेतीस हजारांत एक भाग. उरलेली सारी उष्णता. आई ज्या पेटीखाली बसली होती तिच्या आकाराचे उत्तर या भागाकारात आहे.

या नळीची जन्मकथा १९६४ सालातली. त्या वर्षी अमेरिकेत विल्यम ब्रिजेस यांनी आर्गॉन आयन लेसर शोधला. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर सिद्ध केला. हे पटेल १९३८ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातील बारामतीस जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. त्यांचा लेसर आर्गॉनपेक्षा शेकडो पटींनी काटकसरी आहे, कारखान्यांत पोलाद कापतो. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या हौशी शास्त्रज्ञांसाठीच्या सदरात घरी वायू-लेसर कसा बांधावा, याचा लेख आला. १९६९ च्या फेब्रुवारीत त्याच सदरात आर्गॉनची पाळी आली. म्हणजे घरच्या टेबलावर हा उद्योग करणारा मी काही पहिला वेडा नव्हे. १९६४ म्हटले की आपल्या घरांतून मुंबईची युखरिस्तिक परिषद आणि पोप सहावे पॉल यांची भेट आठवते. मला आता ही तीन नावेही आठवतात.

आता सप्लायकडे वळू. त्याला तीन कामे करावी लागतात. पहिले काम कॅथोड तापविण्याचे: अवघे तीन व्होल्ट, पण प्रवाह वीस अँपिअरच्या वर. इतक्या कमी दाबाला वायरीतला दशांश व्होल्टचा तोटाही परवडत नाही, म्हणून करंगळीएवढी जाड वायर वापरली. दुसरे काम ठिणगीचे: वायू पेटताना क्षणभर काही हजार व्होल्टचा धक्का लागतो. तिसरे काम सर्वांत अवघड. वायू एकदा पेटला की नळीवर साधारण शंभर व्होल्ट राहतात आणि सहा अँपिअर वाहतात. परंतु साध्या तारेचा स्वभाव त्याच्या ठायी नाही. प्रवाह वाढला की त्याचा विरोध उलट कमी होतो आणि प्रवाह आणखी वाढतो. भातखाचराचा बांध फुटला की पाणी जितके वाहील तितके भगदाड रुंद होते, तसे हे. मोकळे सोडले तर नळी स्वतःला जाळून घेईल. म्हणून खरे कौशल्य वीज देण्यात नसून ती रोखून धरण्यात आहे. दर क्षणी प्रवाह मोजणारा एक लहानसा रेझिस्टन्स, आणि त्याच्या सांगण्यावरून आपली मूठ आवळणारी वा सैल करणारी ट्रान्झिस्टरांची रांग, एवढीच ती युक्ती. ही रांग एकटी तीनशे वॅट उष्णता पचविते. मोठी कंडेन्सर बंद केल्यावरही भरलेली राहतात, ती रिती करणारा रेझिस्टन्स कायमचा जोडून ठेवावा लागतो. नळीतील बेरिलियम ऑक्साइडची भुकटी फुप्फुसाला विष, आणि शलाका डोळ्याला घातक. या विषयातील तयारी नसलेल्याने हे काम हाती घेऊ नये, हे स्पष्ट सांगतो.

काम पुण्याच्या घरी बऱ्यापैकी झाले होते. परंतु संचाचा पंखा रात्री घरघरू लागला तेव्हा सूनबाईने अतिशय सौम्य शब्दांत सुचविले की, बाबांना मोकळी हवा मानवेल. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली गाव आहे. तेथे मी एक खोली घेतली. पुण्यात जो सप्लाय निमूट चालत होता, त्याने तेथे पहिल्याच संध्याकाळी असहकार पुकारला.

कारण सोपे होते. माझा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो आणि गाळून त्याचे १५५ व्होल्ट एकदिश होतात. शंभर नळीला, उरलेले मूठ आवळायला. पासलीत संध्याकाळी दिवे लागले की मीटरचा काटा १८५ वर येई, कधी १७० वर. १७० ला हे १५५ चे ११५ होतात, आणि कंडेन्सरातील चढउतार वजा जाता हाती काही उरत नाही. नळी लुकलुकते व विझते. शिवाय कॅथोडही थंडावतो, ते तर नळीच्या जिवावरचे. मी ट्रान्सफॉर्मर पुन्हा उकलला आणि प्राथमिक वेढ्यांना २०० व १७० चे वेगळे टॅप काढले. गावचा वायरमन हे सारे दारात उभा राहून पाहत होता. “काका, दहाच्या पुढं बघा, लाईन चढती,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे मोलाचे होते. १७० च्या टॅपवर असताना लाईन २४० झाली तर सप्लायमध्ये सव्वादोनशे व्होल्ट उभे राहतील आणि ट्रान्झिस्टर एका दमात जातील. म्हणून दाब ठरावीक मर्यादेवर गेला की सर्व तोडणारा रिले बसविला. तो रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी प्रथम पडला. वायरमन हसला.

जुलैत निराळेच संकट आले. त्या भागातील पाऊस वाचकांना सांगायला नको; खोलीत भिंतींना पाणी सुटते. ठिणगीचे हजारो व्होल्ट नळीत न शिरता ओल्या लाकडावरून पसरत, सूं असा आवाज होई, ओझोनचा उग्र वास येई. पेटीत साठ वॅटचा साधा बल्ब अर्धा तास लावून ठेवला, जोडांवर वॉर्निश दिले. मग कॅथोड मिनिटभर तापवून बटण दाबले. टक् असा आवाज झाला आणि पलीकडच्या काळ्या केलेल्या भिंतीवर एक ठिपका उमटला. लोलकाने तो फोडला: निळा आणि हिरवा, शेजारी शेजारी, मध्ये काळोख. दाराच्या फटीतून धुके आत येत होते, त्यात शलाका दोरी ताणल्यासारखी दिसत होती. काचेपलीकडून पाहणारा वायरमन बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “एवढ्या डब्याला एवढाच उजेड?”

ही नळी वापरली नाही तरी बिघडते, म्हणून महिन्यातून एकदा मी ती पंधरा मिनिटे चालवितो, आणि पंखा त्यानंतर आणखी पाच मिनिटे. वायरमन सांगतो की गावाची डीपी बदलणार आहे, दाब २३० राहील. तसे झाले तर १७० चा टॅप निरुपयोगी ठरेल. मी तो अजून काढलेला नाही.