ड्रॅगनचा कंटाळा

पहिला ड्रॅगन मारला त्या रात्री मला झोप लागली नाही. एकतिसावा मारला तेव्हा मी एकीकडे शेंगा खात होतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ‘स्कायरिम’ नावाचा संगणकावरचा एक खेळ आहे. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने तो २०११ साली काढला. आमचा पुतण्या बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला आणि आमच्याकडे राहायला आला, तो दोन जोड कपडे आणि हा खेळ भरलेला संगणक घेऊन. त्याची रात्रपाळी असली की संगणक रिकामा. मी निवृत्त, म्हणजे रिकामाच.

सुरुवात मात्र अशी, की वा! हात बांधून आपल्याला गाडीतून नेतात, मान ठोकळ्यावर ठेवतात, आणि कुऱ्हाड पडणार एवढ्यात आभाळातून ड्रॅगन उतरतो. पैठण रस्त्यावर मोटारसायकलच्या मागच्या सीटवर मी उभे आयुष्य काढले आहे, पण जीव असा मुठीत कधी आला नव्हता. पुढे बर्फाळ डोंगरांचे अख्खे राज्य मोकळे. हवे तिकडे जा, कोणी विचारत नाही. या टेकडीमागे काय असेल, त्या ओढ्यापलीकडे काय असेल! सौभाग्यवतीने जेवायला तीनदा हाक मारली तरी माझे आपले, “एवढी गुहा होऊ दे.”

अशी भुयारे दीडशेवर आहेत, आणि माणसांनी बसून घडवलेली आहेत, हे कबूल. पण पंधराव्या भुयारात मला ओळखीचा वास यायला लागला. थडग्यातून उठणारी प्रेते तीच. तीन फिरत्या चकत्यांचा दरवाजाही तोच. त्याची किल्ली म्हणजे एक पंजा, आणि चकत्या कशा जुळवायच्या ते त्या पंजाच्याच तळव्यावर कोरलेले! आमच्या गल्लीत किल्ली पायपुसण्याखाली ठेवतात; हजारो वर्षांपूर्वीचे ते पुजारी त्याच्यापुढे फारसे गेलेले दिसले नाहीत.

ड्रॅगनची हाडे महाग, पण वजनदार. धापा टाकत गावात आणावीत तर दुकानदाराच्या गल्ल्यात पैसे नाहीत. दोन दिवसांनी या. हे ऐकायला मला संगणक कशाला हवा? कापूस विकलेल्या कोणालाही विचारा.

पण खरा घात केला तो पहारेकऱ्यांनी. तिथला पहारेकरी सांगतो, की मीही तुझ्यासारखाच शूर होतो, पण गुडघ्यात बाण लागला. मला वाईट वाटले. मग दुसऱ्या गावच्या पहारेकऱ्याच्याही गुडघ्यात बाण. तिसऱ्याच्याही. आता बिडकीनमध्ये दुखरे गुडघे काही कमी नाहीत. संध्याकाळी पारावर बसा, दहा माणसांत बारा गुडघे निघतील. पण एकाचा गुडघा बैलाने लाथ मारली म्हणून गेला, एकाचा लेकीच्या लग्नात पंगतीत वाढताना, आणि एक गृहस्थ तर कबड्डीत गेला म्हणून सांगतात, पण ते कबड्डी खेळल्याचे कोणाला आठवत नाही. प्रत्येक गुडघ्याला स्वतःचा इतिहास आहे. तिकडे अख्ख्या राज्याला मिळून एक बाण.

आणि कामे संपू नयेत म्हणून ‘रेडियंट’ नावाची सोय. यंत्र आपणच चिठ्ठ्या उचलते: काम कोणी सांगायचे, कोणत्या गुहेत जायचे, कोणाला मारायचे. चिठ्ठ्या संपत नाहीत, म्हणून काम संपत नाही. सांगणारा मात्र दर वेळी, जगावर आताच संकट कोसळल्यासारखा चेहरा करतो.

मी कुरकुर केली तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला जाता. तिथं दरवर्षी काल्याची हंडीच फुटती. तिथं नाही कंटाळा येत?”

दोन दिवस मला उत्तर सुचले नाही. तिसऱ्या दिवशी तो रात्रपाळीहून येताच मी त्याला धरले. म्हटले, “२०२० साली सगळे घरात कोंडलेले असताना दूरदर्शनने १९८७ सालचे ‘रामायण’ पुन्हा लावले. रावण मरणार हे ठाऊक असून आपण बसलोच ना? कारण ‘आज नवीन रावण आहे बरं का’ असं कोणी म्हटलं नाही. नाथांची हंडी तीच असावी म्हणून तर मी जातो. शिळ्या भाकरीला फोडणी दे, मी आवडीने खाईन. पण तीच ताजी म्हणून वाढलीस तर?”

तो बूट काढत होता. म्हणाला, “काका, आठ तास एकच पार्ट मोजायलो मी. ड्रॅगन निदान उडतो तरी.” आणि झोपून गेला.

यावर मी अजून विचार करतो आहे. खेळ बंद केलेला नाही, पण वायव्येकडचा एक डोंगर मुद्दाम चढायचा ठेवला आहे. त्याच्यामागे काय आहे ते पुतण्याला माहीत आहे. तो सांगायला तोंड उघडतो, तेव्हा मी रेडिओ मोठा करतो.