सेलमचा क्राउनिनशील्ड

चि. सईस,


मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या ज्या जुन्या लाकडी घराचा फोटो पाठवलास, त्याच्या नावातले क्राउनिनशील्ड कोण, असं विचारलंस. दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं घराणं ते. त्यातल्या जेकबबद्दल तुला सांगायलाच हवं, कारण त्याची गोष्ट थेट कलकत्त्याला जाते.

जेकबचा जन्म १७७० चा. ऐन विशीत तो कप्तान झाला. १७९५ च्या अखेरीस ‘अमेरिका’ नावाचं जहाज घेऊन तो कलकत्त्याहून निघाला, तेव्हा मालाबरोबर दोन वर्षांचं हत्तीचं पिल्लू होतं, ४५० डॉलरला घेतलेलं. तुम्ही हसाल, पण निदान पाच हजार सुटतील, असं त्याने भावांना आधीच लिहून टाकलं होतं. सेंट हेलेना बेटावर पिल्लासाठी हिरवा पाला चढवला. एप्रिल १७९६ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरलं आणि १०,००० डॉलरला विकलं गेलं. अमेरिकेने पाहिलेला हा पहिला हत्ती.

पुढच्या वर्षी तो सेलमला दाखवायला आणला. तुझ्या फोटोतल्या घरात राहणारे पाद्री विल्यम बेन्टली गर्दीतून बघून आले आणि दैनंदिनीत लिहून ठेवलं: ती हत्तीण होती, लोकांच्या खिशातून पाव काढून घ्यायची, बाटलीचं बूच स्वतः उपसून बिअर प्यायची. मला हे वाचून वाईटच वाटतं. दोन वर्षांचं पिल्लू आईच्या अंगावर पीत असतं गं.

जेकबचा मोठेपणा मला दिसतो तो पुढे. मॅसॅच्युसेट्सचे बडे व्यापारी बहुतेक फेडरलिस्ट पक्षाचे, हा मात्र त्यांच्या विरोधातल्या राष्ट्राध्यक्ष जेफर्सनच्या बाजूचा. १८०२ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री टिमोथी पिकरिंगला हरवून तो काँग्रेसवर निवडून आला. ब्रिटिश आरमार भर समुद्रात अमेरिकी जहाजं अडवून खलाशी पळवत होतं, त्या काळातली ही गोष्ट. समुद्र स्वतः पालथा घातलेला माणूस तेव्हा सभागृहात असणं किती मोलाचं! १८०५ मध्ये जेफर्सनने त्याला आरमारमंत्री नेमलं, सिनेटनेही मान्यता दिली. पण बायकोला वॉशिंग्टनला राहायला जायचं नव्हतं, म्हणून त्याने पद घेतलं नाही. १८०८ च्या एप्रिलमध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, वॉशिंग्टनमध्येच तो वारला. आरमारमंत्रिपद पुढे त्याच्या धाकट्या भावाने, बेंजामिनने, सांभाळलं.

बेन्टलींच्या दैनंदिनीचे चार खंड छापलेले आहेत. तुमच्या ग्रंथालयात मिळाले तर १७९७ चा ऑगस्ट काढून वाच, आणि मला कळव.

तुझी,
मावशी