आधी वरचा नट

निर्जला एकादशी झाली. द्वादशीला सकाळी पारणे सोडले आणि नातवाने अंगणात गाडीखाली गोणपाट अंथरले. आळंदीहून माउलींचे प्रस्थान जवळ आले होते. आमच्या दिंडीबरोबर आमची जुनी ओम्नी जाते. तिच्यात पाण्याचे कॅन, औषधांची पेटी आणि ज्यांचे पाय चालता चालता उत्तर देतात अशा दोन-तीन म्हाताऱ्या माउली असतात. मी कीर्तने करीत होतो तेव्हा याच गाडीने पखवाज, वीणा आणि टाळकरी घेऊन गावोगाव फिरलो. इतकी वर्षे मी तिच्यात बसलो, पण तिच्या पोटात काय आहे हे कधी पाहिले नव्हते.

यंदा तिचा दुसरा गिअर पडेना. पहाटे गार असताना दांडा अडायचा, जोर केला की करकर वाजायचे. नातू आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकला आहे. तो म्हणाला, "आबा, गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?" मी म्हणालो, "ऑइल तर दरवर्षी बदलतो." तो हसला. "ते इंजिनाचं. गिअरपेटीचं वेगळं असतं."

सज्जनहो, हे मला सत्तरी उलटल्यावर कळले. इंजिनाचे तेल तापते, काळे होते, थोडे जळतेही, म्हणून त्याची आठवण राहते. गिअरपेटीतले तेल जळत नाही. ते मापायला बऱ्याच गाड्यांत कांडीही नसते. म्हणून कोणी विचारीत नाही. पण घाटात खरा भार तिच्यावर असतो. दिवे घाट चढताना पहिला गिअर टाकला की वेग कमी होतो आणि चाकाला ओढ मिळते. त्या वेळी पोलादाचे दाते एकमेकांवर रेटून फिरत असतात आणि दोहोंच्या मध्ये असतो फक्त तेलाचा पातळ पदर. वर्षानुवर्षे त्यात धातूची पूड मिसळते, तेलाचा गुण उतरतो. किती किलोमीटरला बदलायचे ते गाडीगणिक वेगळे असते. पुष्कळ गाड्यांना ४०,००० च्या आसपास सांगितलेले असते. आमचे त्याच्या दुप्पट तरी झाले असेल.

आदल्या दिवशी तेल आणायला मीच दुकानात गेलो होतो. दुकानदाराने डबा पुढे केला. "महाराज, हे जीएल-५ न्या. जीएल-४ पेक्षा भारी." भारी म्हटल्यावर मी घेऊन आलो. नातवाने डबा फिरवून पाहिला आणि परत पाठवला. गाडीच्या पुस्तिकेत ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ असे लिहिलेले होते. मी म्हणालो, "अरे, पाच म्हणजे चारापेक्षा बरेच ना?" त्याने नीट समजावले. जीएल-५ मध्ये फार मोठ्या दाबासाठी गंधक-फॉस्फरसाची द्रव्ये अधिक घातलेली असतात. एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या जड दात्यांना ते हवेच. पण गिअरपेटीत पितळी कड्या असतात. गिअर पडण्यापूर्वी दोन दातांची गती जुळवून देणे हे त्यांचे काम. ते तीव्र तेल काही वेळा पितळेला मानवत नाही, आणि फार निसरडे असले तर कडीची पकडही बसत नाही. मग करकर थांबायची ती वाढते. मी मुकाट्याने जाऊन डबा बदलून आणला.

गाडी पंधरा मिनिटे गावाबाहेर फिरवून आणली, कारण कोमट तेल लवकर उतरते आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन येते. मग चाकांना दगड लावले. जॅकने उचलून चारही बाजूंना लोखंडी स्टँड लावले. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणी गाडीखाली जाऊ नये, हे त्याने मला दोनदा बजावले. गाडी चारी बाजूंनी समपातळीत हवी, नाहीतर तेलाचे माप चुकते. मी पाटावर बसलो. माझ्याकडे बॅटरी धरायचे काम होते.

गिअरपेटीला दोन नट असतात. एक तळाशी, त्यातून जुने तेल काढायचे. दुसरा कुशीत, जरा वर, त्यातून नवे भरायचे. मी म्हणालो, "तेल गरम आहे तोवर खालचा सोड."

तो म्हणाला, "नाही आबा, आधी वरचा."

"अरे, रिकामे केल्याशिवाय भरणार कशात?"

हे वाक्य मी गादीवरून किती वेळा बोललो असेन, त्याची गणती नाही. भांडे आधी रिकामे करा, घासा, मग त्यात अमृत ओता. श्रोते मान डोलवीत. नातवाने मान डोलवली नाही. तो गाडीखालून म्हणाला, "आणि वरचा नट निघालाच नाही तर? तेल काढून बसलो आणि भरायला वाट नाही, मग गाडी जागची हलत नाही. भरायचं जमतंय का ते आधी बघायचं, मगच रिकामं करायचं."

आणि वरचा नट खरोखरच निघेना. वर्षानुवर्षे तो कोणी उघडलाच नव्हता. गंज धरला होता. पाना बसवून जोर केला तर कडा झिजायची भीती. त्याने गंज सोडवणारे तेल मारले, चहा होईपर्यंत थांबला, हातोडीने हलके ठोकले, पुन्हा तेल मारले. पाऊण तास गेला. त्या दिवशी बाजार बंद होता. आम्ही माझ्या म्हणण्याप्रमाणे खालचा नट आधी सोडला असता, तर गाडी स्टँडवर कोरडी उभी राहिली असती. शेवटी कट् असा आवाज झाला आणि नट फिरला. मगच त्याने खालच्याला हात घातला.

जुने तेल काळपट, आणि वास गंधकासारखा उग्र. त्याने ते बोटांवर चोळून मला दाखवले. काजळासारखी बारीक पूड होती. एवढी झीज चालते म्हणाला, तुकडे किंवा दाताचे टवके निघाले असते तर काळजी. थेंब थेंब पडायचे थांबेपर्यंत वाट पाहिली, नवा वायसर घालून खालचा नट आवळला. मग वरच्या भोकात नळी घालून नरसाळ्याने नवे तेल सोडले. ते काकवीसारखे सावकाश उतरते. घाई केली तर नरसाळे तुंबते. माप काय, तर त्याच भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. तेल तिथून ओघळू लागले की पेटी भरली. तिथेच थांबायचे.

तो नळी धरून बसला होता आणि माझ्यापुढे एक माणूस उभा राहिला. त्याचे नाव-गाव मी सांगणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. विषय त्यागाचा. त्या गावात एक पखवाजवादक होता. हात असा, की ऐकत राहावे. पण दारूने पुरता धरलेला. त्या रात्री तो रडत पुढे आला. मी तिथेच त्याच्या गळ्यात माळ घातली, त्याने पांडुरंगाची शपथ घेतली. गावाने टाळ्यांच्या गजरात विठ्ठलनाम घेतले. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या गावी गेलो. पुढे कितीतरी कीर्तनांत मी तो प्रसंग दृष्टांत म्हणून सांगितला. लोकांचे डोळे भरून येत.

पुढे काय झाले ते मला वर्षभराने कळले. त्याचे सगळे मित्र पिणारे, त्यामुळे दारू सुटली तशी संगतही सुटली. संध्याकाळ झाली की तो घराच्या ओट्यावर एकटा बसायचा. भजनी मंडळातल्यांना त्याच्यावर भरवसा नव्हता, म्हणून त्याला कोणी हाक मारली नाही. पखवाज घरात झाकून ठेवलेला. चार महिन्यांनी त्याने माळ उतरवून मंदिरातल्या खुंटीला अडकवली आणि पुन्हा प्यायला लागला. पुढे तो गेला. लोक म्हणाले, त्याचे वैराग्य कच्चे होते. मीही तेच म्हणालो. आणि कीर्तनात त्याची गोष्ट सांगत राहिलो, माळ घातली तिथपर्यंतच.

त्याचे वैराग्य कच्चे नव्हते, सज्जनहो. मी खालचा नट सोडला होता आणि वरचा पाहिलाही नव्हता. भारी डबा आणला होता, तो कोणाला मानवेल हे न पाहता.

आता गंमत पाहा. हे आपल्या ग्रंथांत नाही असे नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एकोणसाठावा श्लोक आहे. त्याचा आशय असा, की आहार तोडणाऱ्याचे विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. ज्ञानेश्वर माउलींनी तिथे झाडाचा दृष्टांत दिला आहे. वरची पाने खुडत राहिलो आणि मुळाला पाणी मिळतच राहिले, तर झाड जाईल कसे? या ओव्यांवर मी तास-तास निरूपण केले आहे. पण त्या पखवाजवाल्याच्या ओट्यावर एक संध्याकाळ जाऊन बसलो नाही.

आपल्या संप्रदायाची रीतच मुळी भरण्याची आहे. माळ घाला म्हणतात तेव्हा बरोबर काय देतात? रोजचा हरिपाठ, पंधरा दिवसांची एकादशी, वर्षाची वारी. दिंडीत डाव्या-उजव्या हाताला माणूस, पाठीमागे वीणेकरी, मुक्कामाला पंगत. माणसाचा दिवस, पंधरवडा आणि वर्ष, तिन्ही भरून टाकायची ही व्यवस्था आहे. नुसते 'सोडा' म्हणणारा उपदेश हा त्या व्यवस्थेतून उचललेला अर्धा तुकडा आहे, आणि त्याला टाळ्या फार पडतात.

दृष्टांत एकदेशी असतो, हे आमच्या गुरुजींनी पहिल्याच धड्यात शिकवले होते. गिअरपेटीत जुने-नवे तेल मिसळू द्यायचे नसते. माणसाचे तसे नाही. नाम घ्यायला आधी शुद्ध व्हावे लागत नाही. आहे तसा तो येऊन टाळ धरू शकतो. भरता भरता बाकीचे हळूहळू बाहेर पडते. आणि फार वर्षे पिणाऱ्याने एकदम बंद केले तर शरीराला धोका होतो, म्हणून डॉक्टरलाही दाखवले पाहिजे. तेवढाही विचार मी तेव्हा केला नव्हता.

काम संपले. नट पुसून पुन्हा एकदा आवळले. जुने तेल कॅनमध्ये भरले. मी म्हणालो, गोठ्याच्या खांबांना लाव, वाळवी लागत नाही. आमच्याकडे सगळे असेच करतात. तो म्हणाला, पावसात ते धुऊन विहिरीत जाईल. आळंदीला इंद्रायणीवरचा फेस आपण सर्वांनी पाहिला आहे, त्यामुळे मी पुढे बोललो नाही. कॅन जुने तेल गोळा करणाऱ्याकडे दिला. रात्रभर गाडीखाली कागद ठेवला, सकाळी त्यावर डाग नव्हता. दुसरा गिअर आवाज न करता पडला.

त्याच आठवड्यात मंडळाने मला दोन शब्द बोलायला सांगितले. गादी सोडल्यापासून मी टाळत होतो. त्या रात्री मी पखवाजवाल्याची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच शेवटपर्यंत. खुंटीवरची माळसुद्धा सांगितली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

उठताना गावातला एक तरुण मागे थांबला. त्याच्याबद्दल आम्हा सर्वांना ठाऊक आहे. म्हणाला, "महाराज, आजच माळ घाला." माझा हात पूर्वीच्या सवयीने पुढे झाला होता. तो आवरला. म्हणालो, "माळ पंढरपुरात, आषाढीला. तोवर रोज संध्याकाळी सातला हरिपाठाला ये. तुला आणायला गाडी तुझ्या दाराशी येईल." दुसऱ्या दिवशी नातवाबरोबर त्याला दवाखान्यात पाठवले.

आज अकरा दिवस झाले. गाडी रोज जाते. दोन दिवस तो आला नाही. गाडी त्याच्या दाराशी पाच मिनिटे थांबली आणि परत आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तेव्हा तो ओट्यावर टाळ घेऊन बसला होता. पुढचे पांडुरंग जाणे. आमच्याकडून वरचा नट उघडा आहे.

रामकृष्णहरि.