पंखाचं कापड

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पत्रा येतो. पण हौसेने घरी बांधतात त्या छोट्या विमानांपैकी बरीच आजही कापडाची असतात. आत लाकडाचा किंवा लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं कापड. ही रीत पहिल्या विमानापासूनची. राइट बंधूंनी 1903 साली पंख मढवले ते मलमलीने, आणि ती शिवणयंत्रावर शिवलेली होती. इंग्रजीत या कापडाला मसलिन म्हणतात. तो शब्द इराकमधल्या मोसूल शहराच्या नावावरून आला असं मानलं जातं. माझे अब्बा चिपळूणला शिंपीकाम करायचे. त्यांना फोनवर हे सांगितलं, तर विमानापेक्षा मलमलीचंच त्यांना जास्त अप्रूप वाटलं.

आम्ही अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. याच राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पिटनपोल या माणसाने 1929 साली फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवून दोघांचं विमान उडवलं. एअर कॅम्पर त्याचं नाव. त्याच्या नकाशांवरून लोक अजून विमानं बांधतात. यांनीही नकाशे मागवले आणि आमचं तळघर गेलं! सहा हिवाळे तिथे स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या, गोंद आणि भुसा. इथला कायदा असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असलं पाहिजे. विमानात ठळक पाटीही लावावी लागते: हे विमान नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. अम्मींना मी ती पाटी वाचून दाखवली नाही.

पंख मढवायची वेळ आली तेव्हा हे मला म्हणाले, "इथून पुढे तुझं काम."

पण मढवण्याआधी एका जुन्या जाणकाराला बोलावलं. कापड चढलं की आतलं काही दिसत नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी सगळं पाहून घ्यायचं, असा इथल्या हौशी लोकांचा रिवाज आहे. त्यांनी टॉर्च आणि दात तपासायचा छोटा आरसा घेऊन प्रत्येक सांधा, प्रत्येक तार, प्रत्येक पिन पाहिली. चार तास लागले. मग म्हणाले, "आता झाका."

हल्ली मलमल नसते, पॉलिएस्टर असतं. कडा गोंदाने चिकटवायच्या आणि मग चक्क इस्त्री फिरवायची. आधी 250 अंश फॅरनहाइट, शेवटचा हात 350 चा. त्याच्या फार वर गेलं तर कापड आवळायचं सोडून ढिलं पडू लागतं. म्हणून इस्त्रीच्या चकतीवर भरवसा ठेवायचा नाही, थर्मामीटर लावून बघायचं. सुरकुत्यांचं कापड डोळ्यांदेखत ताठ होतं आणि टिचकी मारली की डफासारखं वाजतं.

एवढ्यावर ते पंखाला धरून राहत नाही. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि कापड वर ओढलं जातं. म्हणून ते प्रत्येक बरगडीला मेणाच्या दोऱ्याने शिवायचं. पंख्याचा झोत येतो तिथे आम्ही टाके अडीच इंचांवर घेतले, पुढे साडेतीन. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. एक तुटला तरी शेजारचा सुटू नये. पंख उभा केला. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये कापडाची भिंत. लांब दाभण मी इकडून खुपसायचं, त्यांनी तिकडून ओढून बरगडीच्या पलीकडून परत पाठवायचं. "आली?" "आली." कितीतरी संध्याकाळी आमचा संसार एवढ्या दोन शब्दांवर चालला. टाक्यांवर दातेरी कडांच्या पट्ट्या चिकटवल्या, मग लेप. त्यांतला ॲल्युमिनियमच्या भुकटीचा चंदेरी लेप सर्वांत मोलाचा. पॉलिएस्टरला पावसापेक्षा उन्हाचं भय जास्त, आणि हा लेप ऊन अडवतो.

नियमाप्रमाणे पहिले 40 तास हे एकटेच उडाले. त्यानंतर माणूस बसवायची मोकळीक मिळाली. आमची लेक हट्ट धरून बसली होती, पण तिच्या परीक्षा, मग इथला बर्फ, असं करत ते लांबत गेलं.

दरवर्षी विमानाची पूर्ण तपासणी करावी लागते. चौथ्या वर्षी झाकण्या उघडून आरशात पाहताना उजव्या पंखात, मागच्या कडेजवळ, एका बरगडीवर तपकिरी डाग दिसला. पंखाखाली पाणी निथळायला बारीक भोकं असतात. त्यांतल्या एकात माशीने मातीचं घर केलं होतं आणि आत पाणी साचलं होतं.

हे म्हणाले, "बाहेरून दाबून पाहिलं. टणक आहे."

"कापड टणक आहे हो. लाकडाचं काय?"

कापड कापायचं म्हणजे पंख उतरवणं, शिवण, लेप, रंग सगळं पुन्हा. इथला उन्हाळा तोकडा, तो त्यातच जाणार. पुढच्या आठवड्यात लेक बसणार होती. दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. लेकही माझ्यावरच रुसली. पण ते टाके माझ्या हातचे होते, आणि पुढच्या सीटवर बसणार होती ती माझी मुलगी. तिसऱ्या दिवशी कात्री मीच लावली.

शेजारच्या दोन बरगड्या खणखणीत निघाल्या. डागाच्या बरगडीचं टोक मात्र चाकूने लोण्यासारखं खरवडलं गेलं. यांनी ते बोटांत धरून बराच वेळ पाहिलं आणि स्प्रूसची पट्टी आणायला तळघरात गेले. तिरकस सांधा करून नवं टोक जोडलं, पुन्हा कापड, पुन्हा इस्त्री, पुन्हा "आली?" "आली."

लेक पुढच्या वर्षी जूनमध्ये उडाली, वीस मिनिटं. ते ठिगळ तिरप्या उन्हात अजून ओळखू येतं. आता पावसानंतर तारेचा तुकडा घेऊन पंखाखालची भोकं तीच साफ करते.