कुलपातली चूक

किन्हीराजातल्या आमच्या घरी धान्याच्या कोठीला कुलूप नाही. एक्सेलच्या एका फाइलला मात्र मी कित्येक वर्षं लावून ठेवलं होतं.

ती निकालपत्रकाची फाइल. 2010 साली सर्वंकष मूल्यमापन आलं आणि मास्तरांच्या मागे बेरजा लागल्या. पहिली-दुसरीला आकारिक 70, संकलित 30, तिसरी-चौथीला 60-40, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला 40-60. शिवाय अ-1 पासून इ-2 पर्यंत श्रेण्या. रात्री जागून मी मॅक्रो लिहिला. बटण दाबलं की अख्ख्या वर्गाचा निकाल तयार! पेन ड्राइव्हवरून फाइल तालुक्यात फिरली आणि एके दिवशी माझ्याकडेच परत आली. खाली ‘निर्माता’ म्हणून दुसऱ्याच गुरुजींचं नाव. त्या रात्री कुलूप लावलं.

लावणं सोपं आहे. ऑल्ट-एफ-11, मग टूल्समधून प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीज, तिथे प्रोटेक्शन. ‘लॉक प्रोजेक्ट फॉर व्ह्यूइंग’ला टिक करून पासवर्ड द्यायचा. पुष्कळ जण पासवर्ड देतात नि टिक विसरतात, मग कोड उघडाच राहतो. टिक केली तरी फाइल सेव्ह करून, बंद करून पुन्हा उघडेपर्यंत कुलूप पडत नाही. कोडात देवनागरी लिहिली की प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून श्रेण्यांची नावं एका वेगळ्या शीटवर ठेवली होती, तीही लपवून. पासवर्ड काय, तर बैलाचं नाव आणि जोडी घेतली ते साल.

पुढे एका मार्चअखेरीस शेजारच्या गावातून फोन आला. “सर, या पोरीले 900 पैकी 364, अन् श्रेणी अ-2 काहून येऊन रायली?”

हुशार माणूस. कोड दिसता तर त्यानेच दुरुस्त केला असता. मी संगणक उघडला. बैलाचं नाव आठवलं, साल आठवेना. जोडी विकूनही जमाना झाला होता.

शेवटी स्वतःचंच कुलूप फोडलं. मॅक्रोची फाइल म्हणजे मुळात झिपचं गाठोडं. ते सोडलं की आत कोडाची फाइल असते. तिच्यातल्या तीन अक्षरांच्या एका खुणेतलं एक अक्षर बदललं. एक्सेल कुरकुरलं, पण उघडलं. अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. हे कुलूप कोड नजरेआड करतं, एवढंच. फाइल उघडतानाच मागितला जातो तो पासवर्ड वेगळा; 2007 पासून त्यात खरं कूटलेखन आहे. पण तो लावला तर फाइल वापरणार कोण?

चूक लाजिरवाणी होती. मी लिहिलं होतं: 33 ते 40 असतील तर ड, 41 ते 50 असतील तर क-2. पोरीची सरासरी 40.44. ती दोन्हींत बसेना. आणि कुठेच न बसणाऱ्याचं काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं, तेव्हा आधीच्या मुलाची श्रेणी तशीच तिला चिकटली. आधीचा मुलगा अ-2 चा. रकाना कोरा राहिला असता तर कोणीही ओरडलं असतं.

आधी वाटलं, ‘राउंड’ लावून मोकळं व्हावं. पण मॅक्रोतला राउंड अर्धा आला की सम आकड्याकडे वळतो: 40.5 चे 40 आणि 41.5 चे 42. शीटवरचा राउंड 40.5 चे 41 करतो. म्हणून पूर्णांकाची भानगडच ठेवली नाही. 41 पेक्षा कमी आणि 33 किंवा जास्त, तर ड. जुने निकाल काढून बघितले, तर त्यात आणखी दोन मुलं सापडली.

निर्मात्याच्या नावासाठी लावलेलं कुलूप निर्मात्याची चूक राखत बसलं होतं. नव्या प्रतीत पासवर्ड नाही, नावाची ओळही काढून टाकली.

पण जुनी कुलूपबंद प्रत अजून कोणाच्या ना कोणाच्या संगणकात असणार. गुरुजी, तुमच्याकडे असेल तर एका मुलाला सरासरी 85 आणि त्याच्या खालच्याला 40.44 येईल असे गुण भरून बटण दाबा. दोघांना एकच श्रेणी आली तर फाइल पुसून टाका आणि मागचे निकाल हाताने तपासा.